जुनी जिप्सी स्लोवर राहत नाही? कार्ब्युरेटर उघडण्याआधी चोरटी हवा शोधा

"गाडी स्लो नाही धरत भाऊ, रेस देऊनच उभी ठेवा लागते." चंद्रपूर जिल्ह्यात गॅरेज चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गाडी दारात थांबायच्या आत माझे कान तिच्या आवाजाकडे लागतात. आमच्याकडे मारुतीच्या जुन्या पेट्रोल जिप्सी अजून बऱ्याच आहेत. कुणी लष्कराच्या लिलावातली घेतलेली, कुणाची वडिलांच्या काळातली. हूड काढून, मागच्या सीट काढून शेतावर पिकअपसारखीच वापरतात. खताची पोती, फवारणीचा पंप, मिरचीची पोती, सगळं मागे. या गाड्यांचं आयडलिंग, म्हणजे रेस न देता स्लोवर चालणं, बिघडलं की दहातले सात-आठ वेळा दोष एकाच ठिकाणी सापडतो: कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) पुढे, मॅनिफोल्डच्या (ते मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) बाजूला कुठून तरी चोरटी हवा, म्हणजे कार्ब्युरेटरला चुकवून, आत शिरत असते. आणि दर वेळी माझ्याकडे येईपर्यंत कार्ब्युरेटर दोन-तीनदा उघडलेला असतो, जेट बदललेले असतात, स्क्रू फिरवून फिरवून त्यांच्या खाचा गेलेल्या असतात. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

यातलं बहुतेक १९९६ नंतरच्या १२९८ सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी किंगला धरून आहे. त्याआधीच्या ९७० सीसीच्या गाडीला, ओम्नीला आणि जुन्या मारुती ८०० लाही पद्धत हीच लागू पडते. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

लक्षणं

गाडी स्लोवर थरथरते, गिअरचा दांडा हातात नाचतो, पण रेस दिली की एकदम गुळगुळीत चालते. हे सगळ्यात महत्त्वाचं लक्षण. वरच्या आरपीएमलाही गाडी डचके खात असेल, तर आधी प्लग, करंट आणि पेट्रोलची लाइन बघा.

स्लो स्क्रू फिरवला तरी फरक पडत नाही, किंवा मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिन बंद पडत नाही. बॉनेट उघडल्यावर सापासारखा बारीक फूत्कार ऐकू येतो. रेस सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागतो. कार्ब्युरेटरच्या तोंडातून अधूनमधून 'फट्' असा उलटा आवाज येतो. सकाळी चोक ओढलेला असेपर्यंत गाडी ठीक, चोक आत ढकलला की थरथर सुरू. आणि एक लक्षण ज्याकडे लोक लक्ष देत नाहीत: ब्रेकवर पाय ठेवला की स्लो बदलतो किंवा गाडी बंद पडते.

रेसवर गाडी का सुधारते, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. स्लोवर थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढतात, पण वाट बंद, म्हणून मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त ओढ तयार होते. तोच व्हॅक्युम. अशा वेळी ३ मिलिमीटरचं भोक असेल तर त्यातून मिनिटाला ५०-६० लिटर हवा आत घुसू शकते. या इंजिनाची स्लोवरची एकूण भूकच ढोबळमानाने २०० लिटरच्या आतबाहेर. म्हणजे पाव हिस्सा हवा अशी, जिच्याबरोबर पेट्रोल आलेलंच नाही. पेट्रोलला साधारण १४.७ पट वजनाची हवा लागते. ते प्रमाण बिघडतं आणि एखाद-दुसरा सिलिंडर पेटतच नाही. भरल्या गाडीने ३००० आरपीएमला तेच इंजिन दीड हजार लिटरच्या घरात हवा ओढतं आणि मॅनिफोल्डमधली ओढही कमी झालेली असते. तिथे ती चोरटी हवा कुठल्या कुठे विरून जाते.

फुकटातल्या तपासण्या

सुरू करण्याआधी: गाडी उघड्यावर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, चाकाला दगड. डोक्याला, तोंडाला बांधलेला दुपट्टा काढून बाजूला ठेवा. जिप्सीचा पंखा पट्ट्यावर फिरतो. त्यात कपड्याचं टोक गेलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

पहिली तपासणी चोकची. इंजिन पूर्ण गरम करा, स्लोवर थरथरू द्या आणि चोक हळूहळू ओढा. चोकने पेट्रोलचं प्रमाण वाढतं. थरथर कमी झाली तर इंजिन उपाशी आहे, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. थरथर वाढली, काळा धूर आला, तर इंजिनाला आधीच पेट्रोल जास्त मिळतंय आणि चोरटी हवा शोधण्यात अर्थ नाही. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी धरणारे फ्लोट आणि नीडल, आणि एअर फिल्टर बघा. एका मिनिटाच्या या तपासणीने अर्धं काम होतं. चोकची केबल तुटलेली असेल तर जाड पुठ्ठ्याने कार्ब्युरेटरचं तोंड थोडं झाका. हाताचा पंजा ठेवू नका. उलटा भडका येतो तो तिथूनच.

चोकने गाडी सुधारली, तर लगेच इंजिन बंद करून चावी ऑन-ऑफ करा. ज्या कार्ब्युरेटरला पेट्रोल कटचा सोलेनॉइड (चावी बंद केली की पेट्रोल तोडणारी विजेची झडप) असतो, त्यातून 'टक' असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर स्लोच्या जेटला पेट्रोलच मिळत नाहीये. त्याचं लक्षण हुबेहूब चोरट्या हवेसारखं दिसतं, आणि बहुतेकदा कारण असतं निसटलेली एक वायर.

आता नळ्या. इंजिन थंड असताना प्रत्येक व्हॅक्युम पाइप बोटांनी तपासा, नुसतं वरून बघू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली तर विचारूच नका. रबर वाळून कडक होतं आणि टोकाशी, जिथे ते धातूच्या नळीवर ताणून बसवलेलं असतं तिथे, चिरतं. गेल्या उन्हाळ्यात एक शेतकरी दादा जिप्सी घेऊन आले. कार्ब्युरेटर तीनदा उघडून झाला होता, त्यांनी बिचाऱ्यांनी नवीनही आणून ठेवला होता. मॅनिफोल्डकडून ब्रेकच्या बूस्टरकडे (व्हॅक्युमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) जाणारा जाड पाइप वरून चकचकीत काळा, एक ओरखडाही नाही. मी तो अंगठ्याने वर उचलून वाकवला, तेव्हा खालच्या बाजूने क्लिपच्या अगदी शेजारी नखाच्या चंद्राएवढी चीर उघडली. अंगठा काढला की बंद. स्लोवर इंजिन थरथरायचं तेव्हा ती चीर तशीच उघडझाप करत होती. टोकाचा बोटभर तुकडा कापला, पाइप पुन्हा बसवला, क्लिप आवळली. नवीन कार्ब्युरेटर त्यांनी परत केला.

म्हणून पाइप वाकवून बघा, खालून बघा, दोन्ही टोकांना बघा. टोकाशी चिरलेला असेल आणि लांबीला ढील असेल तर तेवढा कापून परत बसवता येतो. मधेच चिरलेला असेल तर बदला. टेप गुंडाळू नका. पेट्रोलच्या वाफेने आणि उष्णतेने तो डिंक महिनाभरही टिकत नाही. नवीन पाइप घेताना व्हॅक्युमसाठीचाच घ्या. पाण्याची पातळ नळी लावली तर गरम झाल्यावर ती आतल्या ओढीने चपटी होते.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने गोठ्यात उभी होती का? मग उंदरांनी कुरतडलेलं बघा, विशेषतः मॅनिफोल्डच्या मागे, फायरवॉलकडे. आणि कधीकाळी गॅसकिट बसवून नंतर काढलं असेल, तर त्याच्या टी-जोडाच्या जागी काय लावलंय ते शोधा. उघडी राहिलेली नळी, लाकडाची खुंटी, पाइपात घातलेला बोल्ट, हे सगळं मी काढलेलं आहे. रबरी टोपी आणि बारीक क्लिप शंभर रुपयांच्या आत येते.

पाइप दाबून बघणं

डोळ्यांना काही सापडलं नाही तर इंजिन सुरू करा. पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळा आणि एकेक पाइप मॅनिफोल्डच्या जवळ दाबून पूर्ण बंद करा. एखादा पाइप दाबल्यावर स्लो एकदम सुधारला, तर दोष त्या पाइपात किंवा त्याच्या पलीकडे आहे. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण काहीही न उघडता इंजिन स्वतः सांगतं. वाळलेला पाइप मात्र दाबताना तुटू शकतो. तसा तो तुटला तर तो बदलायलाच झाला होता.

बूस्टरचा पाइप दाबल्यावर गाडी सुधारली आणि पाइप स्वतः धड आहे, तर बूस्टरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलेला असू शकतो. इंजिन बंद करून ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा पाय ठेवल्यावर केबिनमध्ये फूत्कार ऐकू आला, तर इथे थांबा. हा आता आयडलिंगचा प्रश्न राहिला नाही, ब्रेकचा झाला. गाडी चालवत न नेता मेकॅनिकला बोलवा.

डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना करंट वाटणारा भाग) बारीक पाइप कार्ब्युरेटरच्या बाजूने काढा, टोक पुसून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. जीभ चिकटून राहिली पाहिजे. सुटली तर अॅडव्हान्सचा (ठिणगीची वेळ पुढे घेणारा) डायफ्राम गेला. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा मॅनिफोल्डकडे नेणारी झडप): काढून कानाशी हलवा, आत खुळखुळ वाजायला हवं. तेलाच्या चिकटाने तो उघडा अडकला की मॅनिफोल्डला मोठं भोक पाडल्यासारखंच होतं. धुवून सुटला तर ठीक, नाहीतर बदला.

प्लग काय सांगतात

चारही प्लग काढून क्रमाने कापडावर मांडा. चारही पांढरेफटक असतील तर हवा सगळ्यांना सारखी जातेय, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बुडाशी किंवा एखाद्या मोठ्या पाइपातून. एकच पांढरा आणि बाकीचे विटकरी असतील तर त्या एका सिलिंडरच्या वाटेवर, म्हणजे बहुधा मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये गळती आहे. एक काळा ओला असेल तर तिथे करंट जात नसेल. हवा शोधायच्या आधी त्याची वायर आणि कॅप बघा. पाच मिनिटांच्या या कामाने पुढची दोन तासांची शोधाशोध वाचते.

फवारा, पण पाण्याचा

पाइप सगळे चांगले निघाले तर उरतात सांधे. इथे बहुतेक जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात आणि आरपीएम वाढतो का ते बघतात. पद्धत चुकीची नाही, पण मी ती सोडून दिली. माझ्याच गॅरेजात एका जुन्या फुटक्या प्लग वायरमधून ठिणगी उडाली आणि फवारलेला ढग पेटला. वाळूची बादली हाताशी होती म्हणून गाडी वाचली. माझ्या मदतनिसाच्या हातावरचे केस जळाले. त्या दिवसापासून फक्त पाणी. कुणी न पेटवलेला स्वयंपाकाचा गॅस सोडायला सांगितला तर तेही अजिबात करू नका.

साध्या फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि शाम्पूचे चार थेंब. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी प्लास्टिकने झाका. इंजिन स्लोवर ठेवून आधी कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मग मॅनिफोल्ड हेडला मिळतो त्या फटीवर, एका वेळी एकाच जागी थोडं थोडं मारा. गळती असेल तिथे पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. कधी फूत्कार थांबून 'सुर्र' होतं. दर जागेनंतर पाच-दहा सेकंद थांबा. जागा नक्की करायची असेल तर मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं सांध्यावरून फिरवा. गळतीवर आलं की कानात वारा शिरल्यासारखं वाटतं. पंख्याच्या बाजूला नळी जाऊ देऊ नका.

कार्ब्युरेटरच्या बुडाशी सापडलं तर आधी चारी नट बघा. इंजिनाच्या थरथरीने ते ढिले होतात. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. जोर लावून एकच कोपरा आवळला की कार्ब्युरेटरचं बूड वाकतं आणि ती गळती मग नव्या पॅकिंगनेही जात नाही. आवळून फरक पडला नाही तर कार्ब्युरेटर उतरवा आणि खालचा उष्णतारोधक तुकडा नीट बघा, त्यात केसाएवढी चीर असते. जुनं पॅकिंग खरवडताना खाली मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, आणि बसवताना ते आठवणीने काढा.

थ्रॉटलचा दांडा हाताने वर-खाली हलवून बघा. तो आपल्या भोकात लटलट करत असेल तर तिथून हवा शिरतेच, आणि कुठल्याही पॅकिंगने ती थांबत नाही. बुश बसवून घ्यावा लागतो; ते लेथवाल्याचं काम आहे. लाखाच्या वर धावलेल्या कार्ब्युरेटरमध्ये हे हमखास बघा.

व्हॅक्युम गेज

या गाड्या हौसेने सांभाळत असाल तर ही ओढ मोजणारं गेज घ्याच. मॅनिफोल्डच्या नळीला जोडा. चांगलं इंजिन गरम झाल्यावर स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करा. चंद्रपूरला फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा, पण चिखलदऱ्याला गेज तीन-साडेतीन इंच कमी दाखवेल, आणि तो गाडीचा दोष नाही.

काटा स्थिर पण खाली, १२-१५ वर, तर चोरटी हवा किंवा मागे गेलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी उशिरा पडणं. ठरावीक लयीत काटा खाली झटका मारतो तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय किंवा नीट बसत नाहीये. काटा भरभर थरथरतो तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्यात. २५०० वर धरल्यावर काटा हळूहळू घसरत गेला तर सायलेन्सर कुठेतरी चोंदलाय. यातल्या पहिल्या प्रकाराशिवाय बाकीचे घरी करायचे नाहीत.

मॅनिफोल्डचं पॅकिंग

हे शेवटी ठेवलंय, कारण हे कष्टाचं आहे आणि चूक महाग पडते. आधी नट मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळायच्या ठरलेल्या जोराने) आवळून बघा. त्याने भागलं नाही तर मॅनिफोल्ड उतरवावा लागेल. या मॅनिफोल्डमधून इंजिनाचं गरम पाणी फिरतं. पाणी आधी पूर्ण काढलं नाही तर ते सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं. उतरवल्यावर मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा, ०.१ मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खालून सरकलं तर पृष्ठभाग वाकलाय, तो मशीनवर घासून घ्यावा लागेल. ज्याने हे काम आधी केलेलं नाही त्याने कुणा अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून एकदा बघावं, मगच हात घालावा. हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि त्यात गंजलेला स्टड तुटला की तो काढणं वेगळ्याच कौशल्याचं काम आहे.

एमपीएफआय जिप्सी असेल तर

२००० सालाच्या सुमारास आलेल्या या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून पेट्रोल देतात. चोरटी हवा आली की दाब वाढतो, कॉम्प्युटर पेट्रोलही वाढवतो. म्हणून इथे थरथरीपेक्षा स्लो चढलेला दिसतो, किंवा आरपीएम वर-खाली झुलत राहतो. एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीमधला रबरी पाइप फाटला तर या गाडीत स्लो बिघडत नाही, पण आमच्या रस्त्यावरची लाल धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते, तेव्हा तो बदलाच. थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि आयडलचा व्हॉल्व्ह साफ करणं इथे पहिलं काम. एकेक सिलिंडर तपासायला प्लगची वायर ओढू नका, इंजेक्टरचा कनेक्टर काढा.

डिझेल पिकअपवाल्यांसाठी एवढंच: तुमच्याकडे "एअर घेतली" म्हणतात ती डिझेलच्या लाइनमधली हवा. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना थ्रॉटलच नसतो. व्हॅक्युम वेगळा पंप तयार करतो, आणि तो गळला तर ब्रेक कडक होतात. वरच्या तपासण्या त्या गाडीला लावू नका.

कधी थांबायचं

पेट्रोलचा वास येतोय किंवा कार्ब्युरेटरखाली ओल दिसतेय, तर चावी फिरवूच नका. ब्रेक कडक झालेत, ऑइल दुधाळ झालंय, गेजचा काटा झटके मारतोय, एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे: प्रत्येक बाबतीत मेकॅनिक. पाइप, पीसीव्ही आणि बूड तपासूनही दोन संध्याकाळी हवा सापडली नाही तर धुराचं मशीन असलेल्या गॅरेजात न्या. मॅनिफोल्डमध्ये धूर सोडला की गळती डोळ्यांनी दिसते. आणि दोष सापडेपर्यंत माल भरून लांब पळवू नका. उपाशी चाललेलं इंजिन तापतं आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात. शंभर रुपयांच्या पाइपासाठी हेड उतरवलेल्या गाड्या मी बघितल्यात.

गळती बंद झाल्यावर स्लो अचानक चढलेला दिसेल, कारण आधी कुणीतरी तो स्क्रू वर नेऊन ठेवलेला असतो. इंजिन गरम करा, स्लो ९०० च्या आसपास आणा. मग मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव वळसा फिरवत व्हॅक्युम गेजचा काटा सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, आणि स्लो पुन्हा ९०० ला आणा. गेज नसेल तर कानाने, जिथे इंजिन सगळ्यात शांत वाटतं तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना चोक ओढून सुरू करा आणि चोक आत ढकलल्यावर दोन मिनिटं पाय लांब ठेवून नुसतं ऐका.